तिच्या तोंडी हे घातलं कोणी? सांगलीतल्या आमच्या विज्ञानकथा वाचक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि ज्येष्ठ सभासद,
विज्ञानकथा वाचक मंडळ, सांगली

सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितोय, कारण आत लिहायची सोय आपणच बंद केलीत. गेल्या महिन्याची बैठक झाली त्याच रात्री ग्रुपवर मेसेज आला, की यापुढे 18 वर्षांखालील मुलांना बैठकीला आणू नये. त्याखाली कोणी काही लिहायच्या आत सेटिंग बदललं. आता तिथे फक्त अ‍ॅडमिन बोलतात आणि बाकीचे वीस जण अंगठा दाखवतात. दुसऱ्या दिवशी कळलं, की माझं पुस्तकही मंडळाच्या कपाटात कुलूपबंद झालंय. मी पहिल्या बैठकीपासूनचा सभासद. सतरंजी अंथरण्यापासून भडंगाला कांदा चिरण्यापर्यंत सगळी कामं केलेली आहेत, त्यामुळे रागावून निघून जाणाऱ्यांतला मी नाही. पण बोलल्याशिवाय राहणाऱ्यांतलाही नाही.

जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी आधी झालं काय ते सांगतो.

विषय होता ‘मला घडवणारं पुस्तक’. मी रॉबर्ट हाइनलाइनची ‘द डोअर इनटू समर’ ही 1957 सालची कादंबरी आणली होती. ती मला 1984 साली मिरज स्टेशनवर मिळाली, कव्हर फाटलेली, पानं पिवळी. तेव्हा मी एमआयडीसीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर बोर्डावर वाकायचं, टी-स्क्वेअर सरकवायचा, ट्रेसिंगवर शाईचा डाग पडला की ब्लेडने खरवडायचा. अमोनिया प्रिंटच्या खोलीतून आलं की डोळ्यांतलं पाणी जायला चहा लागायचा. अशा माणसाला एका पुस्तकात बटणं दाबून ड्रॉइंग काढणारं यंत्र भेटतं, आणि ते लिहिलेलं असतं आपल्या जन्माआधी! पुढे नव्वदीत ऑटोकॅड आलं तेव्हा पोरं डोळे विस्फारून बघत होती आणि मी ऐटीत म्हणत होतो, यात काय, हे मी केव्हाच वाचलंय.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. नायकाच्या मांजराचंही सांगितलं. हिवाळ्यात ते घराचं एकेक दार उघडायला लावतं, कारण त्याची खात्री असते, की त्यातलं एक तरी दार उन्हाळ्यात उघडेल. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझी पुतणी बसली होती, नववीतली. दिवाळीच्या सुट्टीत मीच तिला ते पुस्तक बळेबळे वाचायला लावलं होतं. ती म्हणाली, “पण काका, ती त्याला काकाच म्हणत्या की.”

खोली गप्प झाली. माझ्या हातातला भडंगाचा कागद तेवढा वाजत होता.

गोष्ट अशी. नायक डॅन इंजिनिअर आहे, तिशीतला. त्याच्या भागीदाराची सावत्र मुलगी रिकी अकरा वर्षांची. ती त्याला ‘अंकल डॅनी’ म्हणते. त्या जगात माणसाला गोठवून वर्षानुवर्षं झोपवायची सोय आहे, शिवाय काळात मागे जायची एक वाटही डॅनला सापडते. तो मागे येतो, शिबिराला गेलेल्या रिकीला गाठतो आणि सांगतो, की एकवीस वर्षांची झालीस आणि तेव्हाही मला भेटावंसं वाटलं, तर तूही गोठून घे, तू उठशील तेव्हा मी तिथे असेन. ती विचारते, मग तू माझ्याशी लग्न करशील? तो हो म्हणतो. ती तसंच करते. जागी होते आणि दोघांचं लग्न लागतं. मांजरासकट सगळे सुखी.

मी हे पुस्तक किमान सात वेळा वाचलंय. एकदाही अडखळलो नाही.

पुतणीच्या त्या एका वाक्यावर आपण काय काय बोललात ते मी घरी आल्यावर वहीत उतरवून ठेवलं. एक ज्येष्ठ म्हणाले, तो काळच तसा होता. दुसरे म्हणाले, आमच्या जतकडं मामा-भाचीची लग्नं व्हायचीच की, त्यात काय एवढं. तिसऱ्यांचा मुद्दा वकिली होता: लग्नाचं तिनेच विचारलं, त्याने नव्हे, आणि तो एकवीस वर्षांची होईपर्यंत थांबला, म्हणजे सभ्यच म्हणायचा. यावर पोरगी म्हणाली, “तिनं कुठं विचारलं? ते तर लेखकानं तिच्या तोंडी घातलंय.”

तेव्हा कोणीतरी ‘दीडशहाणी’ म्हणालं. कोण ते लिहीत नाही. मला आवाज ओळखू आला आणि त्यांनाही ठाऊक आहे.

मी मात्र त्या ‘तोंडी घातलंय’मध्ये अडकलो तो अडकलोच. घरी येऊन पुस्तक पुन्हा काढायचं म्हटलं तर ते आपल्या कपाटात. मग आठवून आठवून वाचलं. सात वेळा वाचलेलं पुस्तक आठवायला प्रत लागत नाही.

आधी थांबण्याचं घ्या. डॅन थांबतो म्हणजे काय करतो? झोपतो. डोळे मिटतो आणि उघडतो, मधली वर्षं त्याच्या हिशेबातच नाहीत. रिकी मात्र अकरा ते एकवीस ही दहा वर्षं जागेपणी काढते. शाळा, कॉलेज, मैत्रिणी, कोणी आवडणं, कोणी नावडणं, चुका करणं हे ज्या वयात व्हायचं ते सगळं वय तिने एका काकाच्या शब्दावर घालवायचं. त्या दहा वर्षांबद्दल पुस्तकात जवळपास काही नाही. ती बदलली असेल का, हा प्रश्न कथेला पडतच नाही.

त्याच पुस्तकात बेल नावाची दुसरी बाई आहे. वयाने मोठी, कामात हुशार, टायपिंगपासून हिशेबापर्यंत सगळं जाणणारी. अर्थातच खलनायिका. तीस वर्षांनी डॅनला ती पुन्हा भेटते तेव्हा जाड झालेली, उतरलेली, केविलवाणी असते आणि त्याला तिची किळस येते. म्हणजे जी बाई आपल्या मर्जीने जगत म्हातारी झाली तिला शिक्षा, आणि जिचं वय नायकाच्या सोयीने गोठवलं, वितळवलं, ती बक्षीस. सात वेळा वाचून मला हे दिसलं नाही, कारण मी ड्रॉइंगचं यंत्र बघत होतो.

त्या यंत्राचंही सांगतो, राहवत नाही म्हणून. ड्रॉइंग काढणाऱ्या यंत्राला नायकाने स्वतःचं नाव दिलंय, ‘ड्राफ्टिंग डॅन’. घरची फरशी साफ करणाऱ्या यंत्राचं नाव ‘हायर्ड गर्ल’. आपल्या भाषेत मोलकरीण.

आता ‘तो काळच तसा होता’ याबद्दल. हे वाक्य आपल्या खोलीत इतक्या वेळा म्हटलं जातं, की भिंतीवर रंगवून घेतलं तर श्रम वाचतील.

मंडळी, आपण कुठे बसून हे बोलतो? हरिपूर इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गोविंद बल्लाळ देवल त्या हरिपूरचे. त्यांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं 1899 साली. डॅन आणि रिकी जन्मायच्या अठ्ठावन्न वर्षं आधी आपल्या शेजारच्या गावच्या माणसाने म्हाताऱ्या नवऱ्याचा आणि पोरसवदा नवरीचा विषय घेतला आणि त्यात भयंकर काय आहे ते चव्हाट्यावर मांडलं. नाटकातला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ, त्याचं वय पाऊणशे. लॅरी निव्हनच्या ‘रिंगवर्ल्ड’मध्ये, 1970 साली, नायक लुई वू दोनशेव्या वाढदिवसाला भेटतो आणि त्याची सखी टीला वीस वर्षांची आहे. देवलांच्या प्रेक्षकांनी पाऊणशेला हसून नाटकगृह डोक्यावर घेतलं. आपण दोनशेला मान डोलावली, कारण हा म्हातारा दिसायला तरुण होता आणि त्याच्याकडे यान होतं.

एक घरचं सांगतो. माझ्या आजीचं लग्न बाराव्या वर्षी झालं. नवरा बिजवर, चौतीस वर्षांचा. मी अकरा वर्षांचा असताना ती मला ‘शारदा’च्या प्रयोगाला घेऊन गेली होती. म्हाताऱ्या नवरदेवाची टर उडवणारं पद सुरू झालं तशी बाल्कनीपासून खालपर्यंत हशा उसळला, मीही खदाखदा हसलो. बाजूला पाहिलं तर आजीने पदराचं टोक दातात धरलेलं. मग शारदेचं भीतीचं पद आलं. थिएटर शांत झालं आणि आजीने पदर सोडला. येताना सायकल रिक्षात ती कृष्णेकडे बघत बसली होती. मी विचारलं, आवडलं का? ती म्हणाली, “तिला गायला तरी मिळालं रे.”

याचा अर्थ मला अकराव्या वर्षी कळला नाही. बासष्टाव्या वर्षी पुतणीमुळे कळला.

देवलही आपल्या काळातलेच होते, हेही कबूल करतो. नाटकात ते लग्न मोडतं ते शारदेला नको म्हणून नाही. वधूवर सगोत्र निघतात म्हणून. तिच्या ‘नको’ला मांडवात किंमत नव्हतीच. शिवाय लिहिणारा पुरुष, आणि लुगडं नेसून ते पद गाणाराही पुरुष. तरीसुद्धा शारदेच्या तोंडी आलं ते शारदेचं होतं, भुजंगनाथाच्या सोयीचं नव्हतं. रिकीच्या तोंडी आलं ते डॅनच्या सोयीचं आहे. त्यामुळे पुरुष लेखकाला बाईचं मन काय कळणार, ही सबबही मी हरिपूरच्या संगमात सोडून आलो.

हवी तर आणखी साक्ष देतो. आपला आयर्विन पूल 1929 चा. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदाही 1929 चाच. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. (आमच्या शाळेत एक मास्तर ठासून सांगायचे, की त्या कायद्याचं नाव देवलांच्या शारदेवरून पडलं. पडलं ते हरबिलास सारडांवरून. पण सांगलीकराला असं वाटणं क्षम्य आहे.) पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, दोन मासिकं निघाली. अमेरिकेत ‘अस्टाउंडिंग’, ज्यातून पुढे हाइनलाइन आणि असिमोव्ह नावारूपाला आले. आणि आपल्या किर्लोस्करवाडीतून ‘स्त्री’. एकीकडे अवकाशयानं उडत होती. दुसरीकडे पंपांच्या आणि नांगरांच्या गावात बायकांचं शिक्षण, लग्न, संसार यांवर खल चालला होता. तेव्हा ‘तो काळ’ म्हणताना कोणता, कुणाचा, कुठला, हे नीट सांगा.

आणि मुळात ही सबब विज्ञानकथेला शोभते का? शेतकऱ्याच्या कादंबरीत शेतकरी त्याच्या काळासारखा वागला तर मी समजू शकतो. पण या लेखकांचा धंदाच दुसरा काळ रचण्याचा होता. 1957 साली बसून 2000 सालची यंत्रं ज्याला दिसतात, त्याला 2000 सालची मुलगी ‘नको’ म्हणू शकेल एवढं दिसू नये? गुरुत्वाकर्षण बदललं, सूर्य बदलले, माणसाचं आयुष्य दोनशे वर्षांवर नेलं, आणि चहा कोणी करायचा ते मात्र बदललं नाही.

‘तोंडी घालणं’ एकदा दिसलं की मग जागोजागी दिसायला लागतं. हाइनलाइनचीच ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ घ्या, 1961 ची, विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळालेली. तीत जिल नावाची नर्स आहे. बलात्कार झाला तर दहातल्या नऊ वेळा थोडी चूक मुलीचीही असते, अशा अर्थाचं वाक्य त्या पुस्तकात आहे आणि ते म्हणते कोण? जिल. पुरुष पात्राने म्हटलं असतं तर कोणी तरी उलटून बोललं असतं. बाईने म्हटलं म्हणजे प्रश्न मिटला. आपले वकील सभासद जसं म्हणाले, ‘तिनेच विचारलं ना’, तसंच.

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ कादंबरीबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे आहे. नायक पॉल द्वंद्वात एका माणसाला मारतो आणि रिवाजाने मेलेल्याची बायको हारा त्याच्या वाट्याला येते. बायको म्हणून ठेव नाहीतर मोलकरीण म्हणून, मुदत एक वर्ष. शेवटी पॉल राजकन्येशी नावापुरतं लग्न करतो, आणि जिच्यावर त्याचं प्रेम आहे त्या चानीची समजूत घालायचं काम त्याच्या आईकडे येतं, जी स्वतः जन्मभर लग्नाविना राहिली. इतिहास आपल्यालाच बायका म्हणेल, असं ती म्हणते आणि पुस्तक संपतं. हर्बर्टला यातली कडू चव दाखवायची होती, असं मला वाटतं. पण पुतणी म्हणाली, “मग चानी काय म्हणाली?” मी पान आठवत बसलो.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला चार वर्षं उशीर झालाय.

आपल्या मंडळात बायका दोन. त्यांतल्या एक, विश्रामबागेतल्या शिक्षिका, यायच्या बंद झाल्या ते आर्थर क्लार्कच्या ‘राँदेव्हू विथ रामा’च्या बैठकीपासून. त्या दिवशी वाचून कोण दाखवत होतं? मी. तीत कमांडर नॉर्टनच्या मनात येतं, की काही बायकांना यानावर घेऊच नये, कारण वजनरहित अवस्थेत त्यांची छाती अशी काही हलते की पुरुषांचं लक्ष उडतं. मी ते वाचलं, वर हाताने अभिनय केला. आपण सगळे हसलो. बाईंनी वही मिटली, पेन पर्समध्ये टाकलं, चहा न घेता जिना उतरल्या. कोणी म्हणालं, घाई असेल. मीही म्हणालो, घाईच असेल.

‘रामा’ 1973 ची कादंबरी. ह्यूगो आणि नेब्युला, दोन्ही पुरस्कार. व्हॅलेंटिना तेरेश्कोवा त्याच्या दहा वर्षं आधी, 1963 मध्ये, एकटीने पृथ्वीभोवती 48 फेऱ्या मारून उतरली होती. क्लार्कसारख्या माणसाला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? आणि तरी बाविसाव्या शतकातल्या त्याच्या कमांडरला यानावरची बाई दिसते ती अशी. त्या कमांडरचे स्वतःचे संसार दोन, एक पृथ्वीवर आणि एक मंगळावर. पुस्तक त्याला काही विचारत नाही. ‘रामा’तला तो गोल समुद्र, ते उजळणारे सूर्य मी आजही जीव तोडून सांगेन. पण ती ओळ मी हात हलवत वाचली, हे पुसता येत नाही.

म्हणून मी कोणाला दोष देण्याच्या जागी नाही. आपल्यातला सगळ्यात मोठा हसणारा मीच होतो.

कुणाला वाटेल, की हा म्हातारा आता सगळी जुनी पुस्तकं जाळायला निघाला. उलट आहे. हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीत खोदलेली कोठारं, असायची ते आपल्याला माहीत आहे. पेव उघडलं की लगेच कोणी आत उडी मारत नव्हतं. आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायचे, मग माणूस उतरायचा. हळद मात्र वर काढायचेच. पेवावर कायमचं झाकण ठेवून कोणी धंदा केला नाही. आपण माझं पुस्तक कपाटात कोंडलंत आणि मुलीला जिन्याखाली ठेवलंत. कोंडलेली हवा तेवढी खोलीत राहिली.

ही पुस्तकं वाचायला सोबतीला दुसरीही पुस्तकं लागतात, आणि ती याच पंथातली आहेत. मेरी शेलीने ‘फ्रँकेनस्टाइन’ लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. छापून आलं 1818 मध्ये. त्यात तो राक्षस म्हणवला जाणारा जीव आपल्या निर्मात्याकडे जोडीदारीण मागतो. व्हिक्टर ती बनवायला घेतो आणि अर्ध्यावर त्याच्या मनात येतं, की करार झाला तो या दोघांत, तिच्या जन्माआधी. तिने तो मानला नाही तर? इतर भीतींबरोबर या भीतीनेही तो अर्धी झालेली तिला फाडून टाकतो. तिला तोंड फुटायच्या आत. पण ती ‘नको’ म्हणू शकेल, हे दोनशे वर्षांपूर्वी एका पोरीच्या ध्यानात आलं आणि तिने लिहून ठेवलं. रिकीची गोष्ट लिहिणाऱ्याच्या हाताशी हे पुस्तक होतं.

बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी तर 1905 मध्येच ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये पुरुषांना मर्दान्यात कोंडलं आणि सूर्याच्या उष्णतेवर बायकांकडून राज्य चालवून दाखवलं. बैठकीत वाचायला घ्याच, एका दमात संपते आणि हसूही येतं. फक्त कोण हसतं ते बघत बसायला मजा येईल.

जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने विज्ञानकथा यायच्या, त्याचा किस्सा आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यांच्या लेखणीत काहीतरी निखालस पुरुषी आहे, टिपट्री बाई असणं शक्यच नाही, असं लेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्गने 1975 मध्ये लिहिलं. दोनेक वर्षांत उघड झालं, की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. सिल्व्हरबर्गने पुढे चूक मोकळेपणी मान्य केली.

चूक मान्य करण्यावरून अर्सुला ले ग्विन आठवते. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’, 1969. त्या ग्रहावरची माणसं एरवी ना पुरुष ना बाई. पण त्या सगळ्यांना तिने इंग्रजीत ‘तो’ म्हटलं. लोकांनी टोकलं. 1976 मध्ये तिने एक निबंध लिहून आपली बाजू मांडली. मग 1987 मध्ये तोच निबंध पुन्हा हाती घेऊन आपल्याच वाक्यांना उत्तरं दिली: इथे मी चुकले, इथे मला सुचायला हवं होतं. जुना मजकूर खोडला नाही. दोन्ही वयं शेजारी शेजारी. आपल्या मराठीत तर ‘ते’ आयतं आहे; पण ते लेकरासाठी तरी नाहीतर आदरार्थी बहुवचनासाठी. त्या कादंबरीत राजाला ‘ते’ म्हटलं तर आदर वाटेल, आणि तुरुंगातल्या कैद्याला म्हटलं तर? याच्यावर पुतणी आणि मी एक अख्खी संध्याकाळ भांडलो. अशी भांडणं आपल्या बैठकीत व्हावीत म्हणून तर मंडळ काढलं होतं ना?

मराठी विज्ञानकथेकडे मी इथे वळत नाही. नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ कथेने, जी त्यांनी टोपणनावाने स्पर्धेला पाठवली होती, मला या वाटेला लावलं; पण त्यांच्यावर आणि आपल्या बाकीच्या लेखकांवर याच नजरेने बोलायचं तर पुस्तकं समोर ठेवून बोलावं लागेल. आठवणीवर नाही.

तर मागणं एवढंच. 18 वर्षांखालच्यांचा नियम मागे घ्या. तो मुलांच्या भल्यासाठी आहे असं मेसेजमध्ये म्हटलंय. त्या खोलीत लाज वाटली ती आपल्याला, मुलीला नव्हे. बैठकीच्या इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवसाखाली ‘पुस्तकावर चर्चा झाली’ असं लिहिलंय. तिथे पुतणीची दोन्ही वाक्यं, तिच्या शब्दांत, ‘म्हणत्या की’सकट लिहावीत. शुद्ध करू नयेत. विश्रामबागेतल्या बाईंकडे मी येत्या शनिवारी जाणार आहे. मंडळातर्फे नाही, माझ्यातर्फे. त्यांनी दार उघडलं तर काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

आणि कपाटाची किल्ली. खजिनदार म्हणतात अध्यक्षांकडे आहे, अध्यक्ष म्हणतात खजिनदारांकडे. प्रत माझी आहे, पहिल्या पानावर ‘मिरज स्टेशन, 1984’ असं रोट्रिंगच्या 0.3 पेनाने लिहिलेलं आहे. शिबिराच्या प्रकरणापासून पुढे समासात पेन्सिलीच्या खुणा दिसतील. त्या खोडू नयेत. त्या माझ्या नाहीत, आणि तिने कुठे कुठे केल्यात ते मला अजून बघायचंय.

आपला,
पहिल्या बैठकीपासूनचा एक सभासद
हरिपूर रोड, सांगली